विमानाचे तिकीट आणि प्रवाशाचा हक्क

गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी माझी आई दिल्लीहून पुण्यास परत निघाली. ही गोष्ट २०२३ च्या ऑगस्टमधील. पाय फार वेळ दुमडून बसणे तिला शक्य नव्हते. म्हणून धाकट्या भावाने आणि मी मिळून तिच्यासाठी वरच्या वर्गाचे तिकीट काढले. करांसह ते सोळा हजार रुपयांना पडले. आमच्यासारख्या नोकरदारांच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. पण दोन तास तिला पाय सरळ ठेवता येईल, ह्या विचाराने ती आम्ही आनंदाने भरली. मी सोबत जाणार होते. माझे तिकीट साध्या वर्गाचे होते.

विमानतळावर तिचा बोर्डिंग पास हाती आला, तेव्हा त्यावर अगदी मागच्या रांगेतील मधल्या खुर्चीचा क्रमांक होता. चौकशी करता कळले की ऐन वेळी विमान बदलावे लागले आणि बदललेल्या विमानात वरचा वर्गच नाही. खिडकीवरील तरुणाने मोठ्या नम्रतेने दिलगिरी व्यक्त केली आणि पुढील प्रवासासाठी हजार रुपयांची सवलत-चिठ्ठी पुढे केली. मी काही बोलणार, तोच आई म्हणाली, “अगं, जाऊ दे. पोहोचण्याशी मतलब.” माझी कडेची खुर्ची मी तिला दिली; तरीही पुढच्या खुर्चीला गुडघा टेकतच होता. पुण्यास उतरली तेव्हा पाय सुजला होता, आणि पुढच्या दोन रात्री तिला झोप लागली नाही.

त्यानंतर महिनाभराने विमानप्रवाशांच्या सोयींविषयीचे एक सरकारी टिपण भाषांतरासाठी माझ्या मेजावर आले. शब्दास शब्द शोधीत असताना एका परिच्छेदापाशी माझा हात थांबला. ज्या वर्गाचे तिकीट काढले, त्याहून खालच्या वर्गात प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध बसविल्यास देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या करांसह असलेल्या किमतीपैकी ७५ टक्के रक्कम कंपनीने परत केली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. सोळा हजारांचे पाऊण म्हणजे बारा हजार रुपये. तेवढे आईचे रीतसर येणे होते. आणि आम्ही मात्र हजाराच्या चिठ्ठीबद्दल आभार मानून आलो होतो!

पैसे थोडे की फार, हा येथे प्रश्न नाही. आपल्याला जे हक्काने मिळावयाचे, ते कोणी उपकार म्हणून देऊ करतो आणि आपण तो उपकार समजूनच स्वीकारतो, हे अधिक विचार करण्यासारखे आहे. त्या दिवसापासून ह्या विषयाची जी माहिती मी जमविली, ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

तिकीट म्हणजे करार

विमानाचे तिकीट म्हणजे प्रवासी आणि कंपनी ह्यांच्यामधील करार होय. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या बाबतीत ही कल्पना बरीच जुनी आहे. १९२९ साली वॉर्सा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने विमान कंपन्यांची जबाबदारी प्रथम निश्चित केली. त्यास अनुसरून आपल्या देशात १९३४ मध्ये कायदा झाला आणि त्याची जागा पुढे १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याने घेतली. १९९९ मध्ये माँट्रियल येथे अधिक व्यापक असा नवा करार झाला. २००९ मध्ये भारत त्यात सामील झाला.

परंतु जागा नाकारली गेली, उड्डाण रद्द झाले, तासन्‌तास खोळंबा झाला, अशा रोजच्या अडचणींत सामान्य प्रवाशास काय मिळावे, हे स्पष्टपणे सांगणारे नियम आपल्याकडे २०१० च्या ऑगस्टमध्ये आले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते केले. २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढविण्यात आल्या. खालच्या वर्गात बसविल्या जाणाऱ्या प्रवाशांचा विचार मात्र त्यानंतरही बराच काळ राहून गेला होता. खुर्ची नादुरुस्त असणे, विमान बदलणे, क्षमतेहून अधिक तिकिटे विकली जाणे, अशा कारणांनी हा प्रकार घडत असे आणि तक्रारी वाढत होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये महासंचालनालयाने जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात संपूर्ण किंमत परत करून प्रवाशास उपलब्ध वर्गातून विनामूल्य न्यावे, अशी सूचना होती. जानेवारी २०२३ मध्ये नियम कायम झाला, तेव्हा देशांतर्गत प्रवासासाठी हे प्रमाण ७५ टक्क्यांवर आले. १५ फेब्रुवारी २०२३ पासून हा नियम लागू झाला.

आंतरराष्ट्रीय प्रवासास अंतराचे माप आहे. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणास तिकिटाच्या करांसह किमतीच्या ३० टक्के, १,५०० ते ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्याहून दूरच्या उड्डाणास ७५ टक्के रक्कम परत मिळते. ह्याच टक्केवारीचा आणि बहुतांशी ह्याच अंतरांचा नियम युरोपीय संघाने २००४ साली केला होता. युरोपीय संघातील विमानतळावरून उड्डाण करणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानास तो लागू होतो. जर्मनीत वा नेदरलँड्समध्ये शिकणाऱ्या मुलांना भेटून परतणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

जागा एक, तिकिटे दोन

तिकीट खात्रीचे असताना, प्रवासी वेळेवर आला असताना त्याला विमानात जागा नाही, असे होतेच कसे? ह्याचे उत्तर ह्या धंद्याच्या स्वरूपात आहे. दुकानात न खपलेले कापड उद्या विकता येते. विमानातील रिकामी खुर्ची मात्र विमान उडाले की कायमची वाया जाते. प्रत्येक उड्डाणास काही प्रवासी येतच नाहीत. ते किती असतील ह्याचा अंदाज बांधून कंपन्या तेवढी तिकिटे जादा विकतात. आपल्या नियमांनीही हे मर्यादित प्रमाणात मान्य केले आहे. अंदाज चुकला आणि सर्व प्रवासी हजर झाले की कोणाला तरी मागे ठेवावे लागते.

ह्या प्रथेविरुद्धचा गाजलेला झगडा अमेरिकेत झाला. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर ह्यांना २८ एप्रिल १९७२ रोजी वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जावयाचे होते. आरक्षण असूनही त्यांना विमानात घेण्यात आले नाही. नेडर ह्यांनी दावा लावला. १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जादा तिकिटे विकण्याची प्रथा प्रवाशांपासून लपवून ठेवल्याबद्दल कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते. तत्पूर्वी १९६८ मध्ये ज्यूलियन सायमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती सुचविली होती. कोणाला उतरवावे हे कंपनीने ठरवू नये. मोबदला घेऊन स्वखुशीने थांबण्यास कोण तयार आहे, असे प्रवाशांनाच विचारावे. कंपन्यांनी प्रथम ती हसण्यावारी नेली. परंतु १९७८ मध्ये अमेरिकेत तिला नियमाचे रूप मिळाले.

आपल्या नियमांतही हेच तत्त्व आहे. कंपनीने आधी स्वखुशीने जागा सोडणाऱ्यांना आवाहन केले पाहिजे. त्यानंतरही एखाद्यास त्याच्या मनाविरुद्ध मागे ठेवल्यास भरपाई द्यावी लागते. मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात सोय केली, तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत सोय झाली, तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या व इंधन-आकाराच्या बेरजेच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये. त्याहून अधिक वेळ लागला, तर चौपट, कमाल वीस हजार रुपये. प्रवाशाने दुसरे विमान नाकारले, तर तिकिटाची पूर्ण रक्कम परत आणि वर हीच चौपट भरपाई. म्हणजे भाडे व इंधन-आकार मिळून चार हजार रुपये असतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चोवीस तासांच्या आत, कंपनीने जागा दिली, तर आठ हजार रुपये मिळावयास हवेत.

उड्डाण रद्द झाले तर

उड्डाण रद्द झाले, तर दुसऱ्या विमानाने जाणे किंवा पूर्ण पैसे परत घेणे, ह्यांपैकी काय हवे ते प्रवाशाने निवडावयाचे असते. परताव्याची रक्कम कंपनीच्या खात्यात पुढील प्रवासासाठी जमा ठेवावी की हाती घ्यावी, हेही प्रवाशानेच ठरवावयाचे आहे. कंपनीने परस्पर ठरवावयाचे नाही.

याखेरीज, रद्द झाल्याची सूचना सुटण्याच्या वेळेपूर्वी चोवीस तासही आधी दिली नसेल, तर भरपाईचाही हक्क पोहोचतो. ती ‘ब्लॉक टाइम’वर, म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंतच्या ठरीव काळावर अवलंबून असते. एका तासापर्यंतच्या उड्डाणास पाच हजार, एक ते दोन तासांच्या उड्डाणास साडेसात हजार आणि त्याहून लांबच्या उड्डाणास दहा हजार रुपये. किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन-आकार. ह्यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. दिल्ली-पुणे उड्डाणाचा ठरीव काळ दोन तासांहून अधिक असतो. त्याचे मूळ भाडे व इंधन-आकार मिळून ६,२०० रुपये असतील, तर भरपाई दहा हजार नव्हे, ६,२०० रुपये होईल. ही मेख माहीत नसल्यामुळे पुष्कळांची पुढे निराशा होते.

आणखी एक बारीक अट आहे. आपला संपर्काचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक ज्याने नीट दिलेला नाही, त्यास ही भरपाई मिळत नाही. घाईत तिकीट काढून देणारा दलाल कधी कधी स्वतःचाच क्रमांक नोंदवितो. मग रद्द झाल्याची सूचना त्याच्याकडे जाते आणि प्रवासी सामानासह विमानतळावर जाऊन उभा राहतो! तिकीट काढताना तेथे आपलाच क्रमांक आहे ना, एवढे अवश्य पाहावे.

धुके आणि निमित्त

नियमांना अपवाद आहेत आणि ते वाजवी आहेत. नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, सुरक्षेचा धोका, खराब हवामान, हवाई नियंत्रण कक्षाची बंधने, संप, अशा कंपनीच्या हाताबाहेरील कारणांनी उड्डाण रद्द झाले किंवा लांबले, तर भरपाई देण्याचे बंधन राहत नाही. प्रवाशांचे प्राण धोक्यात घालून विमान वेळेवर सोडावे, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही.

परंतु भरपाईचे बंधन गेले, म्हणून प्रवाशाची काळजी घेण्याचे कर्तव्य संपते काय? डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीहून हैदराबादला निघालेले एक विमान धुक्यामुळे अडकले आणि प्रवाशांना कित्येक तास विमानातच बसून राहावे लागले. त्यांपैकी एका प्रवाशाने दाद मागितली. ते प्रकरण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. धुक्यामुळे झालेला उशीर हा सेवेतील दोष नव्हे, असे न्यायालयाने म्हटले आणि कंपनीविरुद्धचा भरपाईचा हुकूम रद्द केला. त्याचबरोबर हेही स्पष्ट केले की, आमची सेवा स्वल्पदराची आहे असे सांगून कोणत्याही कंपनीला अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय टाळता येणार नाही. निकाल प्रवाशाविरुद्ध गेला. पण तत्त्व सर्व प्रवाशांच्या उपयोगी पडले.

ही किमान सोय कोणती? अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तास, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणास तीन तास आणि इतर उड्डाणांस चार तास उशीर होणार असेल, तर वाट पाहणाऱ्यांना खाणेपिणे विनामूल्य दिले पाहिजे. देशांतर्गत उड्डाणास सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर सहा तासांच्या आत दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, असा पर्याय दिला पाहिजे. उशीर चोवीस तासांहून अधिक असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन ह्या वेळात सुटणारे विमान सहा तासांहून अधिक लांबले असेल, तर हॉटेलात राहण्याची आणि तेथे जाण्यायेण्याची व्यवस्था करावी लागते. मात्र नुसत्या उशिराबद्दल रोख भरपाई आपल्या नियमांत सांगितलेली नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारान्वये उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान मागता येते. परंतु ते पुराव्याने सिद्ध करावे लागते.

नियम कागदावर असले, तरी ते पाळले जातातच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीस निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईस वळविण्यात आले आणि थकलेले प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवताना दिसले. त्या प्रसंगाबद्दल विमान कंपनी आणि विमानतळ चालविणारी संस्था ह्या दोघांनाही दंड झाला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तर देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची उड्डाणे एकामागून एक रद्द होत गेली. ५ डिसेंबर ह्या एका दिवशी हा आकडा हजारावर गेला. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून केलेल्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला सुरू झाला होता आणि त्यासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाची तजवीज झालेली नव्हती. सरकारला तात्पुरती भाड्याची कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागली. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले, आजारी माणसाच्या भेटीस निघालेले असे असंख्य लोक त्या दिवसांत विमानतळांवर अडकून पडले. धुके कोणाच्या हातचे नसते. माणसांची तजवीज मात्र आधी करता येते. म्हणूनच ‘अपरिहार्य कारण’ असे उत्तर मिळाल्यास ते कारण कोणते, हे लेखी मागण्याचा आग्रह प्रवाशाने धरावा.

मागावे कसे?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुरावा. तिकीट, बोर्डिंग पास, कंपनीकडून आलेले संदेश, सूचनाफलकाचे छायाचित्र आणि स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. खिडकीवरील कर्मचाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. विमान बदलण्याचा निर्णय त्याने घेतलेला नसतो. त्याच्याकडून कारण आणि वेळ मात्र लिहून घ्यावी. खालच्या वर्गात बसविले असेल, तर जुने तिकीट आणि नवा बोर्डिंग पास हे दोन कागदच पुरेसे बोलके असतात. सवलत-चिठ्ठी पुढे केली जाईल, तेव्हा ‘सर्व मागण्या पूर्ण झाल्या’ अशा मजकुरावर सही करण्यापूर्वी दोनदा वाचावे.

त्यानंतर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. प्रत्येक कंपनीने तक्रारींसाठी नोडल अधिकारी आणि त्याच्यावर अपिलाचा अधिकारी नेमलेला असतो. त्यांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. तेथे समाधान न झाल्यास केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ ह्या २०१६ पासून चालू असलेल्या व्यवस्थेवर तक्रार नोंदविता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. शेवटचा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण जेथे राहतो, त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत मात्र चुकवू नये.

आईच्या बाबतीत आम्ही एवढेच केले. पहिल्या पत्रास कंपनीचे ठरावीक उत्तर आले. कामकाजाच्या अडचणीमुळे विमान बदलावे लागले, तसदीबद्दल क्षमस्व. दुसऱ्या पत्रात आम्ही नियमाचा परिच्छेद उतरवून दिला, दोन्ही कागदांच्या प्रती जोडल्या आणि बारा हजारांचा हिशेब मांडला. सोबत एअरसेवेवर तक्रार नोंदविली. सात आठवड्यांनी पैसे भावाच्या खात्यात जमा झाले.

आईला दूरध्वनीवरून हे सांगितले, तेव्हा क्षणभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तेव्हा मीच तुला गप्प केलं होतं म्हणायचं!” तिने त्या दुसऱ्या पत्राची एक प्रत मागवून घेतली आणि ती औषधांच्या कागदांबरोबर एका पिशवीत ठेवली आहे. सोसायटीतील कोणी विमानाने निघाले, की ती पिशवी बाहेर येते. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंनी ते पत्र समोर ठेवून, तारखा आणि रकमा बदलून, स्वतःचा अर्ज स्वतःच लिहिला.